निळा पडदा आला ते बरेच झाले

महोदय,

क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभर लाखो विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. त्या गोंधळावर आपल्याकडे छापून आलेले वाचकाचे पत्र वाचले. एका चुकीपायी विंडोजने अख्खा संगणक का बंद पाडावा, चूक पोटात घालून पुढे का जाऊ नये, असा त्यांचा सवाल. मी इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीम शिकवते. ओरलला मुलेही हेच विचारतात.

मेमरीतल्या भलत्या पत्त्याला हात लागला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आधी बघतो, चूक कुणाची. साध्या प्रोग्रॅमची असेल तर तो एकटा मरतो. प्रोग्रॅमने खोटा पत्ता कर्नललाच दिला, तर? लिनक्स ही विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. ती पूर्वी असा प्रत्येक पत्ता आधी तपासून घेई. बहुतेक पत्ते बरोबरच असत, मेहनत फुकट. मग ती तपासणी प्रोसेसरवर सोडली. कर्नलमधल्या कोणत्या इन्स्ट्रक्शन अशा पत्त्यांना हात लावतात आणि तिथे फसलो तर कुठून पुढे जायचे, याचा तक्ताच करून ठेवला. फॉल्ट, म्हणजे पत्ता चुकल्याचा प्रोसेसरचा इशारा, आला की तक्ता बघायचा आणि प्रोग्रॅमच्या हाती 'ईफॉल्ट' (पत्ता चुकीचा, असे सांगणारा कोड) ठेवून पुढच्या कामाला लागायचे. अख्ख्या अभ्यासक्रमात इतके देखणे काम मला दुसरे दिसत नाही.

पण तक्त्यात नसलेल्या जागी कर्नल फसला, तर त्याचा स्वतःचाच हिशेब बिघडलेला असतो. मग तो डिस्कवर काय लिहील, याचा भरवसा कोण देणार? लिनक्स अशा वेळी चालू प्रोसेस मारून कधी कधी तग धरतो. तरी बरेच सर्व्हरवाले तिथेच पॅनिक करायला, म्हणजे सारे काम थांबवायला लावतात. विंडोजमध्येही फॉल्ट झेलायची सोय आहे, पण कर्नलच्याच हद्दीतला अवैध पत्ता वाचला की ती कामाची नाही.

१९ जुलै २०२४ला नेमके तेच झाले. क्राउडस्ट्राइकच्या नव्या फाइलीमुळे कर्नलच्या आत चालणारा त्यांचा ड्रायव्हर एकविसावे मूल्य वाचायला गेला, हाती होती वीसच. मोजून बघायची तसदी त्याने घेतली नाही. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण ड्रायव्हर बूट होतानाच लोड होणारा, त्यामुळे बरीच यंत्रे चालू होऊन पुन्हा पडत राहिली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रांना फटका बसला. कितीतरी ठिकाणी माणसाने समोर बसून, मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या सेफ मोडमध्ये ती फाइल पुसली.

तेव्हा विचारायचेच तर क्राउडस्ट्राइकला विचारा, की ही फाइल वाचायचे काम कर्नलच्या आत कशाला ठेवले होते? साध्या प्रोग्रॅमकडे असते तर तो एकटा मेला असता, आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची पाळी आली नसती.

– एक प्राध्यापिका, कराड