कंस करा, खोडू नका

महोदय,

वडिलांच्या पतसंस्थेतल्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर परस्पर बदलला गेल्याचं दोन महिन्यांपूर्वी लक्षात आलं. पैसे गेले नाहीत, व्याज जमा झाल्याचे मेसेज तेवढे थांबले. जुना नंबर कोणता होता, कधी बदलला आणि कुणी, एवढंच विचारायला मी गेले. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम, सिस्टीमला हाच नंबर आहे. जुना दिसत नाही."

दिसत नसेल, पण म्हणून तो नाहीच, असं होत नाही. मी अकरा वर्षं डेटाबेस सांभाळते. आमच्याकडे एचबेस नावाचा डेटाबेस आहे. त्यात नंबर बदलला की जुन्यावर बोळा फिरत नाही, नवा त्याच्या वर ठेवला जातो आणि प्रत्येकावर वेळेचा शिक्का बसतो. काळ्या पडद्यावर साधी 'गेट' कमांड दिली तर सगळ्यात वरचा तेवढा दिसतो. तिच्यातच महिरपी कंसात कॉलमचं नाव आणि 'व्हर्जन्स' 3 असं लिहिलं की नवा वर, जुने खाली अशा तीन ओळी येतात. आमच्या जुन्या आवृत्तीत प्रत्येक ओळीला एक 13 आकडी संख्या असते: 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद. मागे एका नव्या मुलानं रात्री चुकीची फाइल चढवली आणि शेकडो ग्राहकांचे पिनकोड बदलून गेले. बिचारा रडायच्या बेतात होता. सकाळी नऊच्या आत आम्ही सगळे जुने परत बसवले, कारण टेबल करताना कुणीतरी तीन प्रती ठेवायला सांगून ठेवलं होतं.

सांगितलं नसतं तर? पूर्वी एचबेस न सांगताही तीन प्रती ठेवायचा. 2013 मध्ये आलेल्या 0.96 आवृत्तीपासून एकच ठेवतो. जास्तीच्या प्रती लगेच जात नाहीत. फाइलींची मोठी झाडलोट व्हायच्या आत 'रॉ' स्कॅन केला, म्हणजे साठवलेलं सगळं जसंच्या तसं वाचलं, तर कधीकधी सापडतात, आणि ही झाडलोट सेटिंगला हात लावला नसेल तर आठवड्यातून एकदा होते. त्यानंतर प्रतींचा आकडा एकाचा पाच केला तरी गेलेलं येत नाही. हे मी स्वतः करून बसले आहे. त्या शनिवारबद्दल न बोललेलं बरं.

पतसंस्थेत एचबेस कशाला असेल, पण सोय इतर डेटाबेसमध्येही आहे. ऑरॅकलमध्ये 'अ‍ॅज ऑफ' लिहून थोड्या वेळापूर्वीचं टेबल बघता येतं, मारियाडीबीत 10.3 आवृत्तीपासून टेबललाच इतिहास जोडता येतो. मात्र तो आधी जोडावा लागतो.

घरी येऊन हे वडिलांना सांगितलं, तर त्यांनी ट्रंकेतून हाताने लिहिलेला जुना सातबारा काढला. आजोबांचं नाव कंसात, शेजारी गोलात फेरफार क्रमांक, खाली वडिलांचं नाव. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की वारसानं आलं की खरेदीनं, ते कळतं. "तलाठी भाऊसाहेबांनी नाव खोडलं नाही, कंस केला," वडील म्हणाले. मला इतकी वर्षं कमांड शिकवताना हे उदाहरण का सुचलं नाही, कोण जाणे.

लोकांचा पैसा ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं मोबाइल, पत्ता आणि वारसदार या तीन नोंदींचा तरी इतिहास ठेवावा: आधी काय होतं, कधी बदललं, कुणाच्या लॉगिनवरून. आणि तो काउंटरवरच्या मुलीलाही दिसावा. तिला 'नाही' म्हणायला लावणारी स्क्रीन तिनं बनवलेली नाही.

आम्ही लेखी अर्ज दिला आहे. पोच मिळाली. शिक्का ठळक आहे, त्यातली तारीख मात्र वाचता येत नाही.

– एक वाचक, सांगली