आमच्या मालकांना झालं तरी काय होतं, साहेब?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कोविड सानुग्रह सहाय्य नाकारल्याबाबत, आणि त्या निमित्ताने बरंच काही.

स.न.वि.वि.

आमचे मालक, म्हणजे माझ्या पोराचे वडील, एप्रिल २०२१ मध्ये गेले. कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना सरकार देत होतं त्या पन्नास हजारांच्या मदतीसाठी ऑनलाइन अर्ज केला त्याच वर्षी डिसेंबरात. नामंजूर झाला म्हणून २०२२ मध्ये अपील केलं. त्याचं उत्तर जून २०२५ मध्ये हातात पडलं. दोन ओळींचं आहे : "सादर केलेल्या कागदपत्रांवरून मृत्यू कोविड-१९ मुळे झाल्याचे दिसून येत नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." एवढी वर्षं घेतली म्हणजे कुणीतरी फाईल फार बारकाईनं वाचली असणार, असं वाटलं होतं. पण मालकांचं वय चुकलंय आणि गावाच्या नावातला काना खाल्लाय.

पुराव्याशिवाय सरकार पैसे कसे देणार, असं आपण म्हणाल. रास्त आहे. पुरावा सांगते.

मालक भाजीचा टेम्पो चालवायचे, रात्री भरून पहाटे वाशी मार्केटला. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्या काचेवर पोलिसांचा 'अत्यावश्यक सेवा' असा पास होता. मुंबईकर घरात बसून टीव्हीवर आकडे बघत होते तेव्हा त्यांच्या ताटातली मेथी अशाच लोकांनी पोचवली. ह्यांना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यांनीही मागितल्या नाहीत. पुढच्या एप्रिलात वाशीहून आले ते तापानं फणफणतच. अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह. आरटीपीसीआरचा नमुना दिला, रिपोर्ट आलाच नाही. विचारायला गेले तर "ताई, लोड फार आहे." तोवर छातीचा सीटी स्कॅन करून घेतला : स्कोअर पंचवीसपैकी एकोणीस, जितका जास्त तितकं फुप्फुस बिघडलेलं. ऑक्सिमीटरवर ब्याऐंशी. एका खासगी दवाखान्यात कसाबसा बेड मिळाला, आणि तो कोविड वॉर्डात. रेमडेसिविरची इंजेक्शनं दिली ती कोविडची म्हणून. मला आत सोडलं नाही ते कोविड म्हणून. गेल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळले, पीपीई किट घातलेल्या अनोळखी माणसांनी अग्नी दिला, माझ्या पोराला लांबून हात जोडायला लावले, तेही कोविड म्हणूनच. आणि दवाखान्याच्या कागदावर मृत्यूचं कारण काय? न्यूमोनिया, हृदयक्रिया बंद.

साहेब, साधा न्यूमोनिया होता तर माझ्या पोराला बापाच्या तोंडात पाणी का घालू दिलं नाही?

केंद्र सरकारच्याच सप्टेंबर २०२१ च्या सूचना आहेत : टेस्ट नसली तरी दवाखान्यात तपासणीवरून कोविड ठरला असेल तर ती केस कोविडचीच धरायची. सुप्रीम कोर्टानं ४ ऑक्टोबर २०२१ ला सांगितलं की मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणावरून कोणत्याही राज्यानं मदत नाकारू नये. सातवी शिकलेल्या बाईला हे शोधून सापडतं. अपील बघणाऱ्या तुमच्या समितीत जिल्ह्याचे मोठमोठे डॉक्टर बसतात, त्यांना सापडू नये?

रेमडेसिविरचं राहिलंच. सरकारनं भाव बांधून दिला होता, अकराशे ते चौदाशे. आम्हाला त्या भावात एकही सुई दिसली नाही. माझ्या पाटल्या गेल्या त्यात. नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध वापरू नका असा सल्ला नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता. म्हणजे आमचे पैसे जायच्या पाच महिने आधी! बिलाचंही तेच. साधा वॉर्ड चार हजार, आयसीयू साडेसात हजार, व्हेंटिलेटर नऊ हजार, असा दिवसाचा दर तुमच्या सरकारनं ठरवला होता आणि बिल तपासायला ऑडिटर नेमले होते म्हणे. तो ऑडिटर नावाचा प्राणी आमच्या दवाखान्यात कुणी पाहिला नाही.

पण पन्नास हजारांसाठी एवढं लिहीत बसले नसते. खरी आग वेगळीच आहे.

आमच्या गावात अजून दोन तट आहेत. एक म्हणतो रोग होता, माणसं मेली. दुसरा म्हणतो कोरोना-बिरोना काही नव्हता, डॉक्टरांचा धंदा होता, माणसं भीतीनं मेली. दवाखान्यात किडन्या काढतात, बॉडीमागे पैसे मिळतात, हे तेव्हा मोबाईलवर फिरत होतं आणि आज पारावर तेच ऐकू येतं. माझे धाकटे दीर दुसऱ्या तटाचे पुढारी. तेव्हाही मास्क हनुवटीला आणि तोंड चालू. मालकांना दवाखान्यात न्यायला त्यांचाच विरोध होता, "तिथं नेलं की मारतात" म्हणून. आज चार लोकांत म्हणतात, "वहिनीनं हट्टानं नेलं नसतं तर दादा जगला असता." चार वर्षं मी भांडतेय की तुमचा दादा कोरोनानं गेला. आणि आता तुमचं पत्र आलं, गोल शिक्का मारून. भाऊजींनी ते पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. "बघा, सरकारच म्हणतंय, कोरोना नव्हता!"

रोग खोटा म्हणणाऱ्यांवर तुम्ही लोक किती चिडायचात. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी', 'मी जबाबदार', नुसत्या घोषणा. आशाताई कवडीमोल मानधनावर दारोदार तापमान मोजत फिरल्या. मास्क नाही म्हणून दंड फाडलेत, उठाबशा काढायला लावल्यात. मग मेलेली माणसं मोजायची वेळ आली तेव्हा तुम्हीच का भाऊजींच्या बाजूला जाऊन बसलात?

आणि हे एकट्या तुमचं नाही, दिल्लीचंही तेच. मार्च २०२१ च्या पहिल्या आठवड्यात केंद्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री सांगत होते की साथीचा खेळ शेवटाला आलाय. तेव्हा आपल्या विदर्भात रुग्ण वाढून महिना होत आला होता. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून जास्त माणसं तडफडून गेली. सगळ्या देशानं पाहिलं. आणि २० जुलैला राज्यसभेत उत्तर काय, तर ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची वेगळी नोंद राज्यांनी कळवलेली नाही. राज्यांनी म्हणजे आपणही आलात त्यात, पक्ष कुठलाही असो. तेव्हा सत्तेत एक होते, मग दुसरे आले, परत उलटापालट झाली; कागद मात्र एकाच हाताचे.

मे २०२५ मध्ये जन्ममृत्यूच्या नोंदींचा २०२१ चा अहवाल बाहेर आला. २०२० मध्ये देशात नोंदलेले मृत्यू ८१ लाख, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाख जास्त! आणि त्या वर्षाचे कोरोनाचे सरकारी मृत्यू साडेतीन लाखांच्या आतच. सगळे काही कोरोनाचे नसतील, नोंदणीही सुधारली असेल, तेवढं मलाही कळतं. पण बाकीचे कशानं गेले? भाऊजी म्हणतात तसे भीतीनं? आपल्या राज्यात मदतीचे अर्ज जानेवारी २०२२ मध्येच दोन लाखांवर गेले होते आणि तुमच्या यादीतले मृत्यू तेव्हा दीड लाखसुद्धा नव्हते.

पंढरपूरचंही लिहितेच. २०२० ला वारी बंद, माउलींच्या पादुका एसटीनं नेल्या. वारकऱ्यानं मुकाट ऐकलं. पुढच्या एप्रिलात, राज्यात ब्रेड आणायला जायची चोरी असताना, त्याच पंढरपुरात पोटनिवडणूक झाली, सगळ्या पक्षांच्या सभा झाल्या. विषाणूला पांडुरंग चालत नव्हता, उमेदवार चालत होता. अशानं लोक रोग खोटा म्हणायला लागले तर दोष फक्त भाऊजींना देऊ? पुढे टाळेबंदी मोडल्याबद्दलचे कलम १८८ चे गुन्हे मागे घ्यायचंही तुम्हीच ठरवलंत. नियम मोडणाऱ्यांना माफी मिळाली. नियम पाळून भाजी वाहणाऱ्याच्या बायकोला मिळालं पत्र.

२०२५ च्या मे-जूनमध्ये परत टीव्हीवर सुरू झालं : रुग्ण वाढताहेत, घाबरू नका, काळजी घ्या. आमच्या गावात लोक हसले त्याला.

माझं मागणं थोडं आहे. फाईल पुन्हा उघडा, आणि सीटी स्कॅन बघणारा डॉक्टर समोर बसवून मला बोलवा. 'न्यूमोनिया' लिहून नाकारलेले किती अर्ज आहेत ते जिल्हावार जाहीर करा. पैसे नाही दिलेत तरी चालेल, असं म्हणणार नाही. पाटल्या गेल्यात माझ्या. पण त्या कागदावर कारण नीट लिहून द्या.

उत्तर पाठवाल तर साध्या टपालानं नको. पोस्टमन ते भाऊजींच्या घरी टाकतो. रजिस्टरनं पाठवा, सही मी करीन.

आपली,
कृष्णाकाठच्या एका गावातली मतदार