टेल लाइट मागच्या माणसासाठी असतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांवरच्या कारवाईची बातमी तुम्ही छापली, चांगलं केलं. पण त्यावर कालच्या अंकात आलेलं वाचकाचं पत्र वाचून डोकं तापलं. त्या गृहस्थांचं म्हणणं असं, की सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बंदी घातली ती काचांवरच्या काळ्या फिल्मला, टेल लाइटबद्दल त्या निकालात अवाक्षर नाही, म्हणून टेल लाइट काळे करणं कायद्यात बसतं. हे तुम्ही जसंच्या तसं छापलंत. छापण्याआधी एखाद्या वकिलाला नाहीतर आरटीओतल्या माणसाला एक फोन करायला काय हरकत होती? आता पोरं पेपरचं कात्रण मोबाइलमध्ये घेऊन माझ्या दुकानात येतील आणि मलाच कायदा शिकवतील.

माझं गेवराईत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. टेल लाइटवर स्मोक फिल्म चिकटवून द्या, स्प्रे मारून द्या, असं सांगत गिऱ्हाईक येतं. मी करून देत नाही. ते पुढच्या दुकानात जातं, तिथे काम होतं.

काचांचा निकाल काचांपुरता, हे खरं. पण दिव्यांचा नियम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 105 काढून बघा. मागचा दिवा लाल हवा आणि तो 155 मीटरवरून दिसला पाहिजे. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने तो लागलेला हवा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, गाडीत परस्पर बदल करण्याबद्दलचं. 2019 च्या दुरुस्तीत कलम 182अ नव्याने लिहिलं गेलं. त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं लिहिलंय. फिल्म हा शब्द त्यात नसेल. पण कंपनीने तपासून, मंजुरी घेऊन बसवलेल्या दिव्याचा उजेड तुम्ही मारलात, तर तो बदल नाही तर काय?

'उजेड दिसतोच की' असंही पत्रात आहे. रात्री घराच्या अंगणात दहा पावलांवर उभं राहून बघितलं तर दिसणारच. साध्या टेल लाइटमध्ये दोन तारांचा बल्ब असतो. एक तार पाच वॅटची, ती दिवे लावल्यावर पेटते. दुसरी एकवीस वॅटची, ती ब्रेक दाबला की पेटते. पुढच्याने ब्रेक मारला हे मागच्याला कळतं ते या दोघींतल्या फरकावरून. फिल्म लावली की दोन्ही मंदावतात, आणि दिवस कलताना मावळतीचं ऊन थेट दिव्यावर पडलं तर ब्रेक लागला की नाही हे कळतच नाही. त्याहून वाईट गोष्ट रिफ्लेक्टरची. बऱ्याच गाड्यांचा रिफ्लेक्टर त्याच लाल काचेत असतो. मागच्या गाडीचा उजेड फिल्ममधून आत जातो, आपटून परत येताना पुन्हा फिल्ममधूनच येतो. फिल्मने निम्मा उजेड खाल्ला तर हाती पावच उरतो. बिघडलेली गाडी दिवे बंद करून रस्त्याच्या कडेला उभी असते, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला उजेड परतवणारं दुसरं फारसं काही नसतं. काही नव्या गाड्यांना कंपनीचीच काळपट काच असते, तिची गोष्ट वेगळी. ती तशीच तपासून मंजूर झालेली असते.

आता माझ्यावर काय बेतलं ते सांगतो, कारण पत्रलेखक म्हणतात की यात कुणाचं नुकसान होत नाही.

गेल्या हंगामात मी आणि मंडळी मोटारसायकलवर बीडहून गेवराईकडे येत होतो. गढी गावाच्या अलीकडे दिवस मावळला होता, अंधार पुरता पडला नव्हता. पुढे एक पांढरी कार होती, मागचे दोन्ही दिवे काळे केलेली. मी नेहमीसारखं अंतर ठेवून होतो. रस्त्यात मेंढरं आडवी आली म्हणून कारवाल्याने ब्रेक मारला. मला लाल काही दिसलंच नाही. कार मोठी मोठी होत गेली तेव्हा कळलं की ती थांबतेय. मी दाबायचे ते दोन्ही ब्रेक दाबले, तरी गाडी घसरून डावीकडच्या दिव्यावर आपटली. मंडळींचं मनगट मोडलं.

कारमधला मुलगा उतरला. त्याने आधी दिवा बघितला, मग आम्हाला. फुटलेल्या दिव्याचा एक तुकडा माझ्या पायाशी पडला होता, तो मी उचलला. कडेला फिल्म सुटून आली होती, तिच्याखाली बुडबुडे धरले होते. नखाने जरा ओढली तर निघाली, आणि आतली काच लालभडक, कंपनीतून आली तशी. मी त्याला ती दाखवली. तो म्हणाला, "काका, मागून तुम्ही धडकलात."

चौकीतही तेच. मागून येणाऱ्याने अंतर ठेवायचं असतं, म्हणून चूक मागच्याची. नियम मलाही माहीत आहे आणि मान्यही आहे. पण पुढचा थांबतोय हे मागच्याला कळावं म्हणून जो दिवा बसवलाय तोच झाकून ठेवला, तर झाकणाऱ्याकडे काहीच चूक नाही का? मी तो तुकडा टेबलावर ठेवला. त्याची कुठे नोंद झाली नाही. शेवटी मिटवामिटवी झाली आणि दिव्याचे साडेचार हजार मी भरले. नवा दिवा आणून त्याने त्यालाही फिल्म लावली. ती गाडी आजही मोंढ्याकडे फिरताना दिसते. मंडळींना अजून त्या हाताने भाकरी थापता येत नाही.

म्हणून पत्रलेखकांना विचारतो, गाडी तुमची, पैसा तुमचा, हौस तुमची, सगळं कबूल. सीटला कव्हर घाला, चाकं बदला. पण मागचा दिवा तुम्ही बघत नाही. तो आम्ही बघतो. त्यावर हौस भागवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

त्यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. उसाच्या ट्रॉल्यांना तर दिवाच नसतो, त्यांना कोण पकडतं, असं त्यांनी विचारलंय. बरोबर विचारलंय. गाळप सुरू झालं की जोड ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. मागे ना दिवा, ना रेडियम. लटकलेली वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, तेवढी हेडलाइटमध्ये दिसतात, तीही अगदी जवळ गेल्यावर. आमच्या भागात या ट्रॉल्यांवर आपटून माणसं गेलीत. पिकअपवाल्याला रेडियम नसलं तर पासिंग मिळत नाही, मग ट्रॉलीला सूट का? कारखान्याने काट्यावर ट्रॉली घेतानाच मागचा दिवा आणि रेडियम बघावं, नसेल तर उभी करून ठेवावी. याच्यावर तुमच्या वार्ताहराने एकदा रात्री रस्त्यावर उभं राहून लिहावं. पण ट्रॉलीला दिवा नाही म्हणून कारचा दिवा झाकायला मोकळीक मिळते, हे मला पटत नाही.

खाजगी कारची अडचण अशी, की नोंदणी झाली की पंधरा वर्षं तिला पासिंगला न्यावं लागत नाही. म्हणजे दिवा तपासणारा रस्त्यावरचा पोलीसच. त्यांनी चालक थांबवल्यावर कागदपत्रांबरोबर एकदा मागे जाऊन ब्रेक दाबायला लावावा, एवढीच विनंती. आणि तुम्ही नियम 105 चौकटीत छापा, कालचं पत्र जिथे छापलं त्याच पानावर.

पत्रलेखक आमच्याच जिल्ह्यातले दिसतात. त्यांनी गाडी घेऊन कधीही दुकानात यावं. फिल्म मी पैसे न घेता काढून देतो, काचेला ओरखडाही पडू देणार नाही.

आपला,
एक वायरिंग मिस्त्री
गेवराई, जि. बीड