शिल्लक उणे 234

एडिसन, न्यू जर्सी
12 ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर बोललो असतो, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि आई सगळं ऐकते. शिवाय हिशेब तुम्हाला कागदावरच लागतो.

फेब्रुवारीपासून पैसे का आले नाहीत, याला मी "इकडे कामाचं जरा हललंय" असं सांगत होतो. ते अर्धंच खरं. माझं खातं बँकेने बंद केलं होतं.

जुन्या गोदामाच्या मालकाने शेवटच्या पगाराचा 640 डॉलरचा चेक दिला. मी तो भरला. ॲपवर शिल्लक 852 दिसायला लागली, त्यातले वापरता येण्याजोगे फक्त 212. ही बारीक ओळ मी वाचलीच नाही. तुम्ही पहिल्यांदा तीच वाचली असती. त्याच दिवशी गाडीचा विमा 148, वीज 71, फोन 55 आणि जिम 20 अशी चार बिलं आपोआप कापली गेली. बँकेने मोठी रक्कम आधी लावली, म्हणजे विमा गेल्यावर उरले 64, आणि पुढची तिन्ही बिलं उण्यात. प्रत्येकाला 35 डॉलर दंड, एकूण 105. लहान बिलं आधी लावली असती तर एकटा विमाच उण्यात गेला असता, दंड 35. रोजकिर्दीत नोंदींचा क्रम चुकला की तुम्ही कारकुनाला का झापायचे, ते मला इथे येऊन कळलं.

वर तो पगाराचा चेकही वटला नाही. त्याचा 12 डॉलर दंड माझ्याच खात्यातून गेला! पुढच्या महिन्यात विम्याने पुन्हा मागणी टाकली, ती बँकेने परत पाठवली आणि आणखी 35 लावले. शिल्लक उणे 234.

इथे 2010 पासून नियम आहे की खातेदाराने आधी होकार दिल्याशिवाय एटीएमला किंवा दुकानात कार्ड वापरताना असा दंड लावता येत नाही. चेक आणि आपोआप कापली जाणारी बिलं मात्र त्यात येत नाहीत. माझी सगळी बिलं नेमकी तसलीच.

यानंतरची चूक सर्वस्वी माझी. मी त्या खात्याकडे बघणंच सोडलं. जर्सी सिटीतली खोली सोडून इकडे आलो, पत्ता बदलून दिला नाही, बँकेची पत्रं जुन्या दारात पडून राहिली. तुमच्या तोंडून चेक न वटल्याचं कलम 138 आणि दोन वर्षांची कैद इतक्यांदा ऐकलंय की काही दिवस दारावर थाप पडली तरी पोटात गोळा यायचा. पोलीस कुणी आलं नाही. बँकेने रक्कम बुडीत धरली आणि चेक्ससिस्टम्स म्हणून एक संस्था आहे, तिच्याकडे माझं नाव कळवलं. बहुतेक बँका नवं खातं उघडताना तिथे विचारतात, आणि नोंद पाच वर्षं राहते. दोन बँकांनी मला काउंटरवरूनच परत पाठवलं.

नव्या गोदामात पगार पंधरवड्याला. खातं नाही म्हणून कागदी चेक. तो घेऊन चेक वटवायच्या दुकानात रांग लावायची. 1,180 च्या चेकवर ते शेकडा दोन घ्यायचे, हातात 1,156 डॉलर 40 सेंट. भाड्यासाठी पोस्टातून मनी ऑर्डर काढायची, त्याचे आणखी दोनेक डॉलर. उरलेली रोकड मी तांदळाच्या डब्यात ठेवायचो. आईची युक्ती. आपल्याकडे डेअरीला दूध घालणाऱ्याचे पैसेसुद्धा हल्ली खात्यात जमा होतात, आणि मी अमेरिकेत डब्यात हात घालून नोटा मोजत होतो.

शेवटी गोदामातल्या एका वयस्कर बाईने शहाणं केलं. आधी आपली नोंद मागव, म्हणाली. वर्षातून एकदा ती फुकट मिळते. आली, बरोबरच होती, भांडायला जागा नव्हती. मग 234 डॉलर भरले आणि पूर्ण फेड झाल्याचं पत्र लेखी मागून घेतलं. नोंद त्याने पुसली जात नाही, पुढे "भरले" एवढं लागतं. पण मग 'बँक ऑन' प्रकारचं खातं मिळालं. उघडायला 25 डॉलर, महिन्याला 5, आणि ओव्हरड्राफ्ट मुळातच नाही. खात्यात नसेल तर व्यवहार होत नाही, दंडही नाही. चेकबुक देत नाहीत. मला नकोच होतं.

राउटिंग नंबरचे (आपल्या आयएफएससी कोडसारखा, बँक ओळखायचा) नऊ आकडे आणि खाते क्रमांक गोदामाच्या ऑफिसात लिहून दिले. त्यानंतरही एकदा कागदीच चेक आला, आणि गेल्या शुक्रवारी पगार थेट खात्यात. सकाळी सहाला उठून बघितला. ॲपमधल्या दोन्ही ओळी बघितल्या.

आज 300 डॉलर पाठवलेत. आईच्या औषधांचे 18,000 रुपये ताईने भरले होते, हे तिने मला सांगितलं नव्हतं, भावजींच्या बोलण्यातून कळलं. आधी तिचे द्या. ती नको म्हणेल, तरी द्या. उरलेले घराला पुरले नाहीत तर बाकी माझ्या नावावर मांडून ठेवा, पुढच्या पंधरवड्याला पाठवतो.

आईला यातलं किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. तांदळाच्या डब्याचं सांगितलंत तरी चालेल.

तुमचा,
बाळू