कोरा कागद

चि. अनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलीस, की दौऱ्यावर निघताना सह्या केलेली चार-पाच कोरी लेटरहेडं ऑफिसात ठेवून जातेस, म्हणजे कामं अडत नाहीत. तेव्हा मी काही बोललो नाही. आई फोन ओढत होती, मंत्र्यांच्या खासगी सचिव बाईंशी बोलायची तिलाच घाई. रात्री मात्र झोप लागली नाही.

बिदरला गेलो तेव्हा तू चौथीत होतीस. महमूद गवानच्या मदरशाचा एकच मिनार उरलाय, त्यावरचे निळ्या फरशांचे नागमोडी पट्टे तू हवेत बोटाने गिरवत होतीस. दुसरा कुठे गेला म्हणून परतीच्या एसटीत मला भंडावून सोडलंस. १६९६ मध्ये बंदुकीच्या दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग उडाला, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. गवानचं पुढे काय झालं ते मात्र सांगितलं नाही. लहान होतीस.

इराणातल्या गिलानचा हा व्यापारी दाभोळ बंदरात उतरला, बिदरच्या दरबारात शिरला आणि तिसऱ्या मुहम्मदशहाच्या वेळी सगळा बहामनी कारभार त्याच्या हाती आला. गोवा त्यानेच घेतलं. पण खरं मोठं काम वेगळंच. चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, त्याने आठ केल्या, आणि तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे थेट सुलतानाच्या हुकमाखाली आणले. अनू, सरदार दुखावले ते इथे. दखनी आणि परदेशी असे तट दरबारात आधीपासून होतेच.

त्याच्याशी वाद घालायला कुणी आलं नाही. त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवलं, कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि मग त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं. सुलतान दारूच्या अंमलात, चौकशी कसली? सुलतानाचं बोलावणं आलं तेव्हा मित्र सांगत होते, जाऊ नका, गुजरातकडे निघा. तरी तो गेला. शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही, असं म्हणाला म्हणतात. ५ एप्रिल १४८१ला कोंडपल्लीच्या छावणीत, सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाचा शिरच्छेद झाला.

नंतर खजिना तपासला तर फारसं काही निघालं नाही. मातीच्या भांड्यात जेवणारा, चटईवर झोपणारा वजीर. मला धास्ती आहे ती नेमकी याचीच. तू स्वच्छ आहेस म्हणून बिनघोर आहेस. बदल्यांच्या यादीत कुणाचा शब्द चालू दिला नाहीस, हे मी भेटेल त्याला सांगतो, छाती फुगते माझी. पण ज्यांचं काम झालं नाही ते तुझ्यात खोट शोधत बसणार नाहीत. ते तुझं कपाट शोधतील.

फार झालं, नाही? चाळिशीला आलेल्या पोरीला मी वर्गात उभं केल्यासारखं बोलतोय. राग मानू नकोस. तुझं काम तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, सगळेच असं करतात हेही खरं असेल. तरी ते कागद फाडून टाक. आणि मंत्री चांगले आहेत, विश्वास टाकतात, हे ठीक. मुहम्मदशहानेही वर्षानुवर्षं टाकला होता. पुढे तो पस्तावला म्हणतात, वर्षभरात स्वतःही गेला, राज्याचे तुकडे झाले. पण त्याचा गवानला काय उपयोग?

पुन्हा तेच बोलायला लागलो. आई म्हणते, हे पत्र टाकू नका, पोर उगाच धसका घेईल. टाकतोय. दोडामामीच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे, त्याआधी तिला फोन कर. तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही.

तुझे,
बाबा