बेस विकू नकोस

नाशिक,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज दुपारी वाचला. “गिऱ्हाईक मिळालंय, पुढच्या आठवड्यात बेस गिटार देऊन टाकतो, तुझ्याकडे पडलेल्या माझ्या कॅबिनेटचं, त्या स्पीकरच्या कपाटाचं, तूच काय ते बघ.” बस्स, एवढंच. फोन केला असता तर मी भांडलो असतो, म्हणून घरातले सगळे झोपल्यावर कागद घेऊन बसलो. सावकाश वाच, आणि वाचून होईपर्यंत त्या माणसाला हो म्हणू नकोस.

आधी कोजागिरीचं सांगतो. गंगापूर रोडला आतल्या बाजूच्या एका सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम होता. दीडशे-दोनशे माणूस, एका कोपऱ्यात दुधाचं पातेलं, दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही. गाणार होत्या आपल्या बाई. सत्तरी ओलांडली त्यांनी. पूर्वी हार्मोनियमच्या काळी पाच पट्टीतून गायच्या, आता काळी तीनवर आल्यात, पण सूर लावला की अजून अंगावर काटा येतो. काळी तीन म्हणजे बेसच्या सगळ्यात जाड तारेवरचा, आपल्या ई तारेवरचा दुसरा फ्रेट, म्हणजे पडदा. रात्रभर माझं बोट तिथेच.

निघायच्या गडबडीत स्पीकरची केबल घरी राहिली. वेळ नव्हता, म्हणून अ‍ॅम्पमधून कॅबिनेटला गिटारची केबल लावली. दिसायला दोन्ही सारख्याच, जॅकही तोच पाव इंची. पण गिटारच्या केबलच्या आत एक बारीक तार आणि तिच्याभोवती जाळी असते, तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपमधून येणाऱ्या इवल्याशा करंटपुरती. अ‍ॅम्प ते स्पीकर हा मामला वेगळा. तीनशे वॅट चार ओहमवर पूर्ण जोरात काढले तर साडेआठ अँपिअर धावतात त्या तारेतून. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात मला तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. वाकून बघतो तर जॅकचं टोपण मऊ पडलेलं. हात लावेपर्यंत आत तारा चिकटल्या, अ‍ॅम्पचा लाल दिवा लागला आणि आवाज बंद. माझा अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा, त्यामुळे त्याने स्वतःला वाचवलं. असं तू कधी करू नकोस. आणि ट्यूबचा अ‍ॅम्प कुणी वाजवायला दिला तर स्पीकर जोडल्याशिवाय तो चालूच करू नकोस. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो बदलायचा खर्च अ‍ॅम्पच्या किमतीला टेकतो.

समोर कुणालाच काही कळलं नाही. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, दुधाचे ग्लास फिरत होते. बाई मात्र गर्रकन मागे वळल्या. माईक बाजूला धरून मला म्हणाल्या, “अरे, खालचा सूर कुठे गेला? माझा सा हलतोय.”

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. इतकी वर्षं वाजवतोय, पण माझ्या वाजवण्याला कुणीतरी टेकून उभं असतं हे असं समोरून कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी लहानपणी आपल्याला तानपुरा लावायला बसवलं होतं, आठवतं? चारातली शेवटची, खर्जाची तार. ती नीट लागली नाही तर बाकीच्या तिघी कितीही लावा, जवारी, म्हणजे तो गुंजणारा झंकार, खुलत नाही. तेच हे.

पुढे जे झालं ते तुझ्यासाठी मुद्दाम सांगतोय, कारण ‘आता ट्रॅकवर बेस येतोच की’ हे वाक्य तू मला चार वेळा ऐकवलंयस. कीबोर्डवाल्याने लॅपटॉपवरून आधीच भरून ठेवलेला बेस सोडला. आवाज स्वच्छ, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. पहिलं कडवं सुरेख गेलं. मग बाईंनी एका शब्दावर मुक्काम केला. त्यांची सवय तुला माहीत आहे, शब्द आवडला की त्या हलत नाहीत. तबलजी थांबला, कीबोर्डवाल्याने हात उचलला, आणि ट्रॅक चालू लागला पुढच्या कॉर्डवर. बाई एकीकडे, बेस दुसरीकडे. कशीबशी सम गाठली त्यांनी, पण चेहरा उतरला.

तोवर साऊंडवाल्या काकांनी पेटीतून एक डीआय बॉक्स काढून माझ्यासमोर ठेवला. बेस थेट मिक्सरला, परतीचा आवाज पायाशी मॉनिटरमध्ये. पुढचा सगळा कार्यक्रम मी तसाच वाजवला. खरं सांगायचं तर अ‍ॅम्प पाठीशी नसला की मला उघडं पडल्यासारखं होतं. पोटऱ्यांना ती हवा लागत नाही. पण त्या रात्री नजर फ्रेटवर नव्हतीच, बाईंच्या मानेवर होती. सा वर उतरायच्या आधी त्यांच्या मानेची शीर किंचित सैल पडते. ती दिसली की मी तार सोडायचो. एकदाही चुकलं नाही. हे कुठला ट्रॅक करणार, सांग मला.

आता तुझ्या बेसकडे वळतो. तुझी जुनी तक्रार होती की त्याची ई मेलेली आहे, बाकी तारा बोलतात आणि ई नुसती बोटाला कळते, कानाला नाही. त्यापायी तू दोनदा तारा बदलल्यास, पिकअप खालीवर केलेस, अ‍ॅम्पला शिव्या घातल्यास आणि शेवटी तो अ‍ॅम्प विकलास. मित्रा, तुझी ई जिवंत आहे. दोष आपल्या खोलीचा होता.

गेल्या महिन्यात मी टेप घेऊन सरावाची खोली मोजली. चौदा फूट बाय दहा फूट. उघड्या ई तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा, म्हणजे हवेतल्या त्याच्या एका लाटेची लांबी जवळजवळ सव्वाआठ मीटर. अर्धी लाट चार मीटरच्या थोडी वर, आणि चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ती अर्धी लाट बरोब्बर अडकून उभी राहते. अशा वेळी भिंतीपाशी आवाज दणदणतो आणि खोलीच्या मध्यावर गायब होतो. ए तारेचे ५५ हर्ट्झ, आणि दहा फुटी बाजूला जवळपास तीच गत.

मी ताडून पाहिलं. लांब केबल लावली आणि उघडी ई वाजवत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेलो. दाराशी छाती भरून येत होती. चार-पाच पावलं टाकली, गणपतीच्या कॅलेंडरसमोर आलो, तर तीच तार, तेवढाच जोर, आणि पोटात काहीच नाही, वरचा पुसट सूर तेवढा कानाला. आणखी चार पावलांवर पुन्हा भरून आली. तू कुठे उभा राहायचास? ड्रमला चिकटून, बरोब्बर त्या कॅलेंडरसमोर. पाच वर्षं तू त्या पोकळ जागेत उभं राहून वाजवलंस आणि वाद्याला दोष दिलास. मीही तुला सांगू शकलो नाही, कारण मी दाराशी उभा असायचो आणि मला सगळं ऐकू यायचं.

त्या दिवसापासून कॅबिनेट कोपऱ्यातून दीड-दोन फूट पुढे ओढलं आणि द्राक्षांच्या दोन क्रेट पालथ्या घालून त्यावर चढवलं. पूर्वी सगळा आवाज गुडघ्यांना लागायचा, कानाला मिळायचा नाही म्हणून मी बटण पिळत राहायचो आणि समोरच्यांचे कान किटायचे. आता निम्म्यावर भागतं.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये रात्री हळू वाजवतोस तेव्हा आवाज पोकळ लागतो म्हणालास, त्याचंही कारण बेसमध्ये नाही. आवाज कमी झाला की माणसाच्या कानाला खालचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. गिटारवाल्याचं तीस-पन्नास वॅटवर भागतं आणि आपल्याला तीनशे लागतात, तेही यामुळेच. १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी नावाचा बेसचा अ‍ॅम्प काढला तो तीनशे वॅटचा, खाली दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट. आज पाचशे वॅटचा हलक्या क्लास डी जातीचा हेड, म्हणजे स्पीकरविना नुसता अ‍ॅम्प, दप्तरात मावतो. तू मात्र रात्री हेडफोन लाव, तुझी ई तुला सापडेल.

घोंघाट होतो हे तिसरं कारण होतं ना तुझं? तुझा बेस ‘जॅझ बेस’ या मॉडेलच्या घडणीचा, दोन सिंगल कॉइल म्हणजे एकेका गुंडाळीच्या पिकअपचा. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेव. दोघांची गुंडाळी एकमेकांच्या उलट असते, त्यामुळे लाइनीचा घों कटतो. तू नेहमी पुढच्या पिकअपचं बटण अर्ध्यावर ठेवतोस आणि तिथेच तो घुसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि आपला खालचा जी हा स्वर ४९ चा. जी मधल्या गाण्यात तो घों आपल्या सुराशेजारी किंचित चढा उभा राहतो, म्हणून तर इतका टोचतो.

तारा जुन्या झाल्या म्हणून किंमत कमी येतेय, असंही लिहिलंयस. अमेरिकेतला बेसवादक जेम्स जेमर्सन मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर वाजवायचा, जाड, गुळगुळीत फ्लॅटवूंड तारा, आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. आपल्याकडे टोनी वाझ पंचमदांच्या ताफ्यात बेस वाजवायचे. त्या काळातली रेकॉर्ड चांगल्या स्पीकरवर लाव आणि गाणारा बाजूला ठेवून फक्त खालचं ऐक. आपण दोघं त्याच ओढीने या वाद्याकडे आलो होतो.

तू तर त्याच्याही आधीपासून. शाळेत असताना कमरेला ढोल बांधून मिरवणुकीत असायचास. रविवार कारंजावर पथक आलं की टिपरूचा आवाज सगळ्यांनाच ऐकू यायचा, पण तुझा जीव हाताच्या थापेत होता. दुकानांची शटरं थरथरली की माझ्याकडे बघून हसायचास. तुझ्या हातातला खालचा सूर ढोलातला आहे, तो माझ्याकडे नाही. मी सुरात वाजवतो, तू वजनात वाजवतोस. बाईंनाही हे माहीत आहे. कार्यक्रम संपल्यावर डबा भरता भरता त्यांनी विचारलं, “तो कुठे असतो रे आता?” मी म्हणालो, पुण्यात, नोकरीत. त्या म्हणाल्या, “वाजवतो ना?” मी हो म्हणालो. खोटं बोललो बाईंशी.

तुझे हप्ते, ऑफिस, लेकीची शाळा, सगळं मला ठाऊक आहे. पैशांची नड असेल तर तसं सांग, मी बघतो काहीतरी. पण बेस पलंगाखालून काढायचा कंटाळा येतो म्हणून देत असशील तर मला राग येईल.

आज एवढं कर. बाहेर काढ, पूस. पावसाळाभर पडून नेक, म्हणजे बेसची मान, हलली असेल. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धर आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. जास्त असेल तर मानेतल्या लोखंडी कांबीला, ट्रस रॉडला, अ‍ॅलन कीने पाव फेरा आवळ, त्याहून जास्त नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघ. जोर लागला तर हात थांबव, इथे आण.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी बाई सरावाला येणार आहेत. त्यांना दोन बेस कसे लागतात ते ऐकायचंय, म्हणजे मीच तसं त्यांच्या गळी उतरवलंय. मी फ्रेटलेस, बिनपडद्याचा बेस घेईन, खालचं सगळं तुझं. तुझं फोर बाय टेन, म्हणजे दहा इंची चार स्पीकरांचं कॅबिनेट, नीट आहे. एका स्पीकरचा कोन फाटला होता, तो भद्रकालीतल्या मामांकडून बसवून घेतला. ते आणि माझं, दोन्ही आठ ओहमची, मिळून चार, अ‍ॅम्पला तेवढं झेपतं. या वेळी स्पीकरची केबल दोन-दोन आणून ठेवल्यात.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं शनिवारची रात्र मी मागून घेतोय, रविवारी दुपारी जेवून परत पाठवतो.

सकाळच्या एसटीने ये. बेस मांडीशी उभा धरून बस, डिकीत टाकू नकोस. सिन्नर सोडलंस की फोन कर, मी द्वारकेवर गाडी घेऊन उभा राहतो.

तुझाच