तुझ्या रिकाम्या टपालपेटीबद्दल

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू सहज सांगितल्यासारखं केलंस, पण आवाज सहज नव्हता. चिठ्ठ्या टाकून एकमेकांना टपालाने भेटी पाठवायच्या तुमच्या त्या गटात तू तीन जणांना भेटी पाठवल्यास, दोघांची पोच आली, तिसऱ्याकडून काहीच नाही. आणि ज्या कुणाच्या चिठ्ठीत तुझं नाव निघालं होतं, त्या माणसाने तर काही पाठवलेलंच नाही. मी "येईल गं" म्हणून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर वाटलं, हे काही उत्तर झालं नाही. मला बोलताना सुचत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझी फजिती ऐक. तू जन्मायच्या आधीची गोष्ट. माझी शाळेतली एक मैत्रीण लांब राहायला गेली होती. अक्षर असं की पाहत राहावं. एका पत्रात तिने ओझरतं लिहिलं होतं, "इथे मनासारखी निळी शाई मिळत नाही." झालं! मी दौत आणली, वर्तमानपत्रात गुंडाळली, वर चार पानी पत्र ठेवलं, खोका सुतळीने करकचून बांधला आणि दिला पाठवून. बंद करण्याआधी तो कानाशी धरून हलवून बघावा, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

तीन आठवड्यांनी तिचं पाकीट आलं. आत माझंच पत्र, चारही पानं निळी. पहिल्या पानावर 'प्रिय' एवढं वाचता येत होतं आणि शेवटच्या पानावर माझ्या सहीचं शेपूट. पाठीमागे, जिथे शाई पोचली नव्हती तिथे, तिने पेन्सिलीने लिहिलं होतं : "शाई मिळाली. पत्रासकट." मी दोन दिवस शरमेने कुणाशी धड बोलले नाही. ती मात्र आजही भेटली की तो खोका काढते. शाईबद्दल एक अक्षर बोलत नाही. तिच्या लक्षात राहिलंय ते हे, की तिने जाता जाता टाकलेलं एक वाक्य मी उचलून ठेवलं होतं.

अमित कुमार आणि निकोलस एपली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासून पाहिलं. त्यांचा शोधनिबंध २०२२ साली आला. शिकागोत ऐन थंडीत, बर्फावर स्केटिंग करायच्या जागी त्यांनी लोकांना गरम चॉकलेटचा कप दिला आणि म्हणाले, हवा तर ठेवा, नाहीतर कुणा अनोळखी माणसाला देऊन टाका. देणाऱ्यांना विचारलं, घेणाऱ्याला किती बरं वाटेल? अंदाज कमी निघाला. देणारा आपण काय देतोय ते बघत असतो, तर घेणाऱ्यापर्यंत त्या वस्तूसोबत आपुलकीही पोचलेली असते. हे वाचलं आणि मला ती निळी पानं आठवली. तेव्हा "मी पाठवलेली खूणपट्टी फारच साधी होती, म्हणून तिसरा गप्प बसला असेल," हे जे तू म्हणालीस ना, ते डोक्यातून काढून टाक.

आता तुझ्या हिशेबाकडे येते. तीन दिले, दोन आले, बाकी एक. मनू, ही उधारीची वही झाली. आणि तुला वाटतं, ज्या दोघांनी उत्तर दिलं ते चांगले. मला तेवढी खात्री नाही. अमेरिकेत यूटामधल्या एका विद्यापीठात फिलिप कुन्झ नावाचे समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी सुमारे सहाशे अनोळखी लोकांना नाताळची शुभेच्छापत्रं पाठवली. १९७६ साली त्याचे निष्कर्ष छापून आले : जवळजवळ पाचांतल्या एकाने उलट टपाली कार्ड पाठवलं होतं. ओळख ना पाळख! आलं म्हणून पाठवलं. माणसाला घेतलेलं अंगावर ठेवायला आवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे उत्तर येणं हा प्रेमाचा पुरावा नाही आणि न येणं हा अपमान नाही.

भेट लहानच हवी असं मी म्हणते, तेही यासाठीच. एका नातेवाइकांना मी एकदा हौसेने महागडं घड्याळ पाठवलं होतं. महिनाभरात त्यांच्याकडून तेवढ्याच किमतीची वस्तू आली, सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. मी त्यांच्या खिशाला चिमटा काढला होता. त्यानंतर आमचं बोलणं जरा अवघडलेलंच राहिलं.

या बाबतीत पोस्टकार्डवाल्यांनी फार शहाणपणा दाखवलाय. २००५ साली पाउलो मगाल्याइश या पोर्तुगीज विद्यार्थ्याने 'पोस्टक्रॉसिंग' सुरू केलं. तू एका अनोळखी माणसाला कार्ड पाठवायचंस, त्यावर एक क्रमांक घालायचास. त्याने तो नोंदवला की तुझा पत्ता कुणातरी तिसऱ्याच माणसाकडे जातो. ज्याला दिलं त्याच्याकडून मिळतच नाही! दोन माणसांमध्ये वही उघडायची सोयच ठेवलेली नाही. ७ कोटींहून जास्त कार्डं अशी पोचली आहेत. आणि तिथेसुद्धा कार्डाची नोंद व्हायला ६० दिवस थांबतात, मग मुदत संपली असं धरतात. तू किती दिवस थांबलीस? सव्वीस. मी कॅलेंडरवर मोजले.

शिवाय टपालाची स्वतःची एक चाल असते, ती तुझ्या फोनसारखी नाही. तू तिसरी भेट परदेशी पाठवलीस म्हणालीस. बाहेर सीएन २२ची कस्टमची चिठ्ठी लावलीस ना? त्यावर नुसतं 'भेटवस्तू' लिहून भागत नाही, आत काय आहे ते नीट सांगावं लागतं. मला याची गंमत वाटते : आपण चार कागदांत गुंडाळून गुपित ठेवायचं आणि पाकिटावर स्वतःच्याच हाताने ते फोडायचं. पण लिहायचं. नाहीतर पाकीट अडकून पडतं आणि आपण मात्र घेणाऱ्याला नावं ठेवतो. पुढच्या वेळी फुलांच्या बिया पाठवायचा विचार आहे म्हणालीस, तो सोड. कित्येक देश बिया आत येऊ देत नाहीत, आणि २०२० साली लोकांच्या घरी न मागवलेल्या बियांची पाकिटं येऊन पडली तेव्हापासून तर सगळे जास्तच बिचकतात. अत्तरही नको, ते पेट घेणारं धरतात.

आणखी एक, हे शाईच्या प्रकरणानंतर मी कधी चुकवलं नाही : खोक्याच्या आतही एका चिठ्ठीवर दोन्ही पत्ते लिहून ठेवायचे. वरचा कागद फाटला तरी आतला बोलतो. पाठवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायची हौस मला कळते, पण नाव लपव, परतीचा पत्ता लपवू नकोस.

राहिली ती तुझी रिकामी पेटी. तिचं मला वाईट वाटतंय, उगीच मोठेपणा दाखवत नाही. तू रोज संध्याकाळी खाली जाऊन आत हात घालतेस, हे तू सांगितलं नाहीस तरी मला ठाऊक आहे. लहानपणी दात पडल्यावर उशीखाली असाच हात घालायचीस. मीही तुला काहीतरी पाठवून दिलं असतं, पण आईचं पाकीट म्हणजे अचानक आलेली भेट नव्हे, ते तुला येणारच असतं.

रेडिट नावाच्या संकेतस्थळावर २००९ पासून २०२१पर्यंत अशीच भेटींची मोठी देवाणघेवाण चालायची. तिथे ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना भेट पाठवायला काही जण आपणहून पुढे यायचे. एकदा पाठवून झालेलं असायचं, तरी दुसऱ्यांदा. तुमच्या गटात असं कुणी नसेल तर मला करायचंय. तुझ्याखेरीज आणखी कोणाची पेटी रिकामी राहिली ते विचार आणि पत्ता कळव. त्यांच्या बोलण्यातलं एखादं वाक्य तुला आठवत असेल तर तेही लिही, कितीही फुटकळ असलं तरी.

दौत पाठवणार नाही.

तुझी,
आई